सण नसलेला मंगळवार

सकाळचे साडेआठ वाजतायत आणि साखर पेठेतल्या विडी शाखेचं शटर अजून अर्धंच वर गेलंय. त्याखालून वाकून बायका आत शिरतायत. कुणाच्या काखेत सूप, कुणाच्या डोक्यावर पाटी, वर जुन्या पातळाचं फडकं घट्ट बांधलेलं. आत तंबाखूचा वास इतका दाट की पहिल्याच श्वासाला मला ठसका लागतो. भिंतीला टेकून बसलेली एक म्हातारी माझ्याकडे बघते, शेजारणीला तेलुगूत काहीतरी सांगते आणि दोघी तोंडाला पदर लावून हसतात. काय म्हणाली असं विचारल्यावर शेजारीण मराठीत सांगते, "काय नाय ओ. शिकलेली माणसं लवकर खोकतात म्हणाली."

आज सण नाही, यात्रा नाही, मिरवणूक नाही. सोलापूर बघायला लोक संक्रांतीला येतात, सिद्धेश्वराच्या गड्ड्याला. बाराबंदी घातलेले मानकरी आणि उंच नंदीध्वज यांचे फोटो काढतात. नाहीतर नारळी पौर्णिमेला येतात, मार्कंडेयाचा रथ बघायला. ते बघावंच. पण सणाच्या दिवशी जो तो आपापल्या कपड्यात, आपापल्या देवामागे असतो. या गावात कोण कुणाला कसं सोसतं आणि कोण कुणावाचून कसं अडतं, ते बघायचं तर मार्चमधला असा कोरडा मंगळवार बरा.

शाखेच्या मधोमध लाकडी फळीवर चेकर बसलाय. समोर आलेल्या पाटीतून तो मूठभर विड्या उचलतो, पत्ते पिसल्यासारख्या फिरवतो, तोंडं बघतो, दोरा बघतो आणि नापसंत विड्या बाजूच्या पत्र्याच्या डब्यात टाकतो. त्या छाट. छाटीचे पैसे नाहीत. हजार विड्या वळायला बाईचा दिवस जातो, आणि डब्यात पडणारी प्रत्येक मूठ म्हणजे तिच्या संध्याकाळचा तुकडा. म्हणून चेकरच्या हाताकडे दहा-बारा जणी एकदम बघतायत.

"अण्णा, पालाच तसला दिलाव की तुम्ही," पाटीची मालकीण म्हणते. पन्नाशीची, तेलुगू विणकरांच्या पद्मशाली समाजातली बाई, नाकात दोन्ही बाजूंना चमक्या. "निस्ती भोकं. त्याची विडी काय सोन्याची हुईल?"

"पाला सगळ्यांला एकच हाय अक्का. ह्यांच्यातली एक तरी काढली का मी?"

'ह्या' म्हणजे मागे उभी असलेली बुरख्यातली बाई. चेकरने तिला साक्षीला ओढलंय ते आपल्या बेतानं. ती साफ उलटते. "वा! मेरी कल कित्ती निकाले तुमे, भूल गए? मूठभर निकाले. अक्का, इनकू मत सुनो तुम." आणि लगेच दोघींच्या मधे तिसरी घुसते, कपाळावर विभूतीचा पुसट पट्टा, ती कानडीत तोंड सोडते. तिचं मला धड कळत नाही. चेकरला कळतं असावं, कारण त्याचे कान लाल होतात. डब्यातल्या दोन मुठी तो परत पाटीत टाकतो. "घ्या. माझ्या पगारातनं द्या आता," असं पुटपुटतो, आणि हे पुटपुटणं मात्र तेलुगूत असतं. चेकरसुद्धा तेलुगूच.

तिघी एकमेकींकडे बघतही नाहीत. विजय साजरा करायला वेळ कुणाला आहे? पद्मशाली अक्का पाला तोलून घ्यायला पुढे सरकते, बुरख्यातली बाई आपली पाटी फळीवर ठेवते आणि आता हीच कानडी बाई तिच्या विड्यांवर नजर ठेवून उभी राहते.

कोपऱ्यात एक मुलगी खाली बसून कमी पडलेल्या विड्या पुऱ्या करतेय. हिचे हात बघण्यासारखे आहेत. ओल्या फडक्यातून पान काढलं, पत्र्याचा साचा त्यावर ठेवला, कात्रीनं चार बाजू कापल्या. तंबाखूची चिमूट पानभर सारखी पसरली. दोन्ही अंगठ्यांनी पान वळलं. तोंड दुमडून लोखंडी टोच्यानं आत दाबलं. दोऱ्याचे दोन वेढे, एक झटका, विडी सुपात. या सगळ्यात ती एकदाही खाली बघत नाही. तिची नजर चेकरच्या भिंतीवरल्या घड्याळावर आहे. नऊला तिचं कॉलेज आहे. कुठलं कॉलेज ते विचारतो. "बी.कॉम.," ती म्हणते आणि आईला तेलुगूत विचारते की हा माणूस सरकारी आहे का.

हा पाला पूर्व विदर्भातल्या, छत्तीसगडातल्या, तेलंगणातल्या जंगलांतून येतो, तंबाखू निपाणीकडचा किंवा गुजरातचा. कुणी भाषण करणारा असता तर बोटभर विडीत अख्खा देश मावला म्हणाला असता. भाषण करणाऱ्याला इथे अर्धा तास बसवावं. विडीत मावतो तो तंबाखू. त्याची पूड या बायकांच्या छातीत उतरते, आणि कुठल्या भाषेची छाती आहे ते पूड विचारत नाही.

पद्मशाली इथे आले ते कुणी प्रेमानं बोलावलं म्हणून नव्हे. निजामाच्या मुलखातला दुष्काळ आणि आटलेला हातमाग मागे टाकून ते पोटासाठी आले. 1877 मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल सुरू झाली, मग एकामागून एक चिमण्या उभ्या राहिल्या आणि मागावर बसलेला हात गिरणीत गेला. पुरुष गिरणीत, बायका विडीला. पुढे गिरण्या एकेक करून बंद पडल्या, पुरुष यंत्रमागावर आले किंवा नुसतेच बसले. विड्या चालू राहिल्या. पूर्व भागातली कितीतरी घरं विडीवर चाललीत असं इथे कुणीही सांगेल, आणि सांगणारा बहुधा पुरुष असेल. हैदराबाद रस्त्याला कुंभारीत विडी कामगारांची 10,000 घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी आहे. 2006 मध्ये तिचं वाटप झालं. ती मिळवायला कामगार पुढारी आडम मास्तरांच्या लाल बावट्याखाली ज्या बायका वर्षानुवर्षं रस्त्यावर बसल्या, त्यांतल्या दोघीतिघी आत्ता या रांगेत आहेत. घोषणा कुठल्या भाषेत द्यायचा, असं विचारल्यावर एकजण माझ्याकडे कीव करून बघते. "घोषणा मराठीतच की. पोलिसांला कळाय नको?"

शाखेतून बाहेर पडतो तर ऊन चढलंय. सोलापुरात मार्चचं ऊन म्हणजे पुढल्या दोन महिन्यांची नुसती तोंडओळख. शेअर रिक्षात पाचवा म्हणून मी चालकाशेजारी अर्धा बाहेर बसतो. तो मागच्या बाईशी कानडीत, माझ्याशी मराठीत आणि आडव्या आलेल्या मोटारसायकलवाल्याशी दखनीत बोलतो. शिव्यांना दखनीच पुरी पडते, असं त्याचं मत.

अशोक चौकाच्या अलीकडे उतरून एका बोळात शिरतो. आधी खालची फरशी थरथरते, मग आवाज येतो. घराचा पुढला अर्धा भाग राहता, मागला अर्धा कारखाना. आठ यंत्रमाग, वर जॅकार्डच्या भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळा, खाली चादर. निळ्या जमिनीवर लाल मोर बोटबोट पुढे सरकतोय. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, आणि तरी पानिपतची चादर सोलापुरी म्हणून रस्त्यावर विकली जाते, हे मालक मला ओरडून सांगतायत. ओरडल्याशिवाय इथे काहीच ऐकू येत नाही, आणि ओरडूनही अर्धंच.

म्हणूनच मागवाले बोलतच नाहीत. आत एक पद्मशाली म्हातारा आहे, अक्कलकोट तालुक्यातला एक लिंगायत पोरगा आहे, आणि जॉबर मुसलमान आहे. म्हातारा दोन बोटं कात्रीसारखी हलवतो: तार तुटली. पोरगा धावतो. जॉबर अंगठा तोंडाकडे नेतो: चहा. मिशीवरून बोट फिरवलं की मालक येतायत. मालक सफाचट आहेत. ही खूण बहुधा त्यांच्या वडिलांच्या वेळची. मी ती ओळखल्याचं जॉबरच्या ध्यानात येतं, तो डोळा मिचकावतो.

अकराला वीज जाते. आठही माग एकदम थांबतात आणि कानात नुसती शिट्टी राहते. लगेच तिघांच्या तीन भाषा सुरू होतात, वीज मंडळाचा उद्धार मात्र एकमतानं. मालकीणबाई आतून स्टीलच्या पेल्यांत चहा आणतात. लिंगायत पोरगा आपला पेला स्वतः धुऊन ठेवतो. जॉबर धुवत नाही, त्याचा पेला मालकीणबाई घेऊन जातात. मी नीट बघतो, सगळे पेले एकाच घंगाळात पडतात. इतकं निरखून बघायची गरज काय, असं कुणाला वाटेल. मला आहे. याच गावात भाड्यानं घर बघायला गेलं की पहिला प्रश्न आडनावाचा असतो, आणि दुसरा प्रश्न पहिल्याच्या उत्तरावर ठरतो. कामाच्या जागी जे चालतं ते जिन्यावर चालेलच असं नाही.

परत येताना बस चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून जाते. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे. 1930 च्या मे महिन्यात स्वातंत्र्याच्या चळवळीत सोलापूर पेटलं, गावावर मार्शल लॉ लागला, आणि 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्याला या चौघांना फाशी दिलं. एक लिंगायत, एक मुसलमान, एक मारवाडी, एक मराठा. आज कुठल्याशा समितीनं नावं काढली असती तर प्रत्येक समाजाचा एक घ्यायला बैठकीवर बैठका झाल्या असत्या आणि पाचव्यासाठी मोर्चा निघाला असता. इंग्रज सरकारनं काही समतोल साधायला ही नावं निवडली नव्हती. त्या चळवळीत जे पुढे होते आणि ज्यांच्यावर त्याचा डोळा होता ते हे, एवढंच. मला याच कारणानं हे चौघे शाळांतल्या विविधतेच्या कार्यक्रमांपेक्षा जास्त खरे वाटतात. त्या कार्यक्रमात पद्मशाली घरातल्या पोरीला भाड्याच्या दुकानातून आणलेला 'आंध्र' पोशाख चढवतात आणि स्टेजवर हात जोडून उभी करतात. तिची आजी खाली प्रेक्षकांत रोजच्या पातळात बसलेली असते, तिच्याकडे कुणी बघत नाही.

बसमध्ये बाजूच्या सीटवर महापालिकेच्या शाळेतली दोन पोरं आहेत, एकाच्या दप्तरावर उर्दू, दुसऱ्याच्या वहीवर मराठी. महापालिका मराठी, उर्दू, कानडी आणि तेलुगू अशा चार माध्यमांतून शाळा चालवते. वर्ग रोडावतायत, ज्याला त्याला इंग्रजी पाहिजे. पोरं मोबाइलवर एकच क्रिकेटचा गेम आळीपाळीनं खेळतायत आणि कंडक्टरनं तिकीट मागितल्यावर दोघंही बहिरी होतात.

जोडभावी पेठेत मंगळवारचा बाजार भरलाय. इथे भाजी आहे, धान्य आहे, भंगारातले स्क्रू-पाने आहेत, कुणाच्या तरी मोटारसायकलचे सुटे भाग आहेत आणि ते कुणाच्या मोटारसायकलचे हे विचारायची पद्धत नाही. एका बाजूला कैकाडी बाई टोपल्या मांडून बसलीय. तिच्याशी थोडं बोलतो. सेटलमेंटमध्ये राहते म्हणते. सोलापुरात हा शब्द पत्ता म्हणून इतका सहज वापरतात की त्यामागचं तारेचं कुंपण दिसेनासं होतं. इंग्रजांनी ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, त्यातल्या पारधी, कैकाडी अशा कितीकांना इथे तारेच्या आत कोंडलं, हजेऱ्या लावल्या आणि गिरण्यांना स्वस्त मजूर पुरवले. कायदा 1952 मध्ये गेला. बाईच्या आजीनं कुंपण बघितलेलं. "आजी सांगायची, भोंगा झाला की आत," ती म्हणते आणि बुरडाच्या टोपलीपेक्षा आपली कशी टिकते ते दाखवायला टोपलीवर उभी राहते. टोपली हूं की चूं करत नाही. वेगवेगळे लोक एका गावात राहतात तेव्हा ते सगळे आपल्या पायांनी, आपल्या मर्जीनं आलेले असतात असं नाही. काहींना आणून ठेवलेलं असतं. सोलापूरचं कौतुक करताना हे गाळलं तर ते कौतुक पोस्टरवरचं.

पुढे ज्वारीच्या ढिगापाशी व्यवहार अडलाय. विकणारा म्हातारा दक्षिण सोलापुरातला, कानडी. घेणारी तेलुगू आजी. मध्ये दहा-अकरा वर्षांचा नातू, शाळा बुडवून आलेला. म्हाताऱ्याला मराठी येतं, पण भाव करायला लागला की ते गळून पडतं. आजीला मराठी येतं, पण रागावली की तिचंही. तेव्हा पोरगा दोन्हीकडचं मराठीत आणि तेलुगूत फिरवतोय, आणि फिरवताना दोन्हीकडची धार काढून टाकतोय. आजी मिनिटभर फणफणते, पोरगा म्हाताऱ्याला सांगतो, "ती म्हणते जरा कमी करा." म्हातारा हात नाचवून बोलतो, त्यात मला 'मालदांडी' तेवढं ओळखू येतं, पोरगा आजीला चार शब्दांत सांगतो. व्यवहार जमतो. माप ओतताना म्हातारा शेवटी एक ओंजळ वर टाकतो, पोराकडे बघून. पोरगा मला म्हणतो, "रोज हेच. दोघांला बी सगळं कळतंय, काका. उगं मला उभं करतेत."

माझं खरेदीचं एकच काम आहे. कडक भाकरी आणि शेंगा चटणी पुण्याला बहिणीकडे पाठवायची आहे. बाजाराच्या कडेला एक कानडी बाई पाटीत भाकऱ्यांची चळत लावून बसलीय, पापडासारख्या पातळ, कडेला करपट ठिपके. शेजारी चटणीचं पातेलं. उखळात कुटलेली चटणी ओळखायची खूण म्हणजे तिचं तेल; चिमूट दाबली की बोटं तांबडी तुळतुळीत होतात. मिक्सरची भुरभुरते. मी चिमूट दाबून बघतो. बाई माझ्या बोटांकडे न बघता तोंडाकडे बघतेय.

"चटणी काय भावानं दिलीत?" मी विचारतो.

ती भाव सांगते. मागल्या वेळेपेक्षा पुष्कळ जास्त.

"इतकी कशी महागली हो?"

"तुम्ही पुण्याचे का ओ?"

"नाही हो, मी इथलाच. रेल्वे लाइन्सचा."

"बोलणं तर पुण्याचं हाय." ती शेजारच्या मिरचीवालीला कानडीत काहीतरी सांगते. मिरचीवाली मला पायापासून डोक्यापर्यंत बघते आणि ठामपणे मान हलवते: पुण्याचाच. समोरच्या गाड्यावरचा मुसलमान केळीवालाही या चौकशीत भाग घेतो. "साब कू पहली बार देख रा मैं," असं त्याचं म्हणणं. माझा जन्म या गावातला, शाळा या गावातली, आणि आता माझ्या सोलापुरीपणाचा निकाल या तिघांच्या हातात.

मी ठेवणीतलं कानडी काढतो. "एष्ट री?"

बाई खळखळून हसते. मिरचीवाली हसते. केळीवाला आणखी दोघांना बोलावून माझा उच्चार ऐकवायला सांगतो. मी पुन्हा म्हणतो, ते पुन्हा हसतात. भाव वीस रुपयांनी खाली येतो.

"अजून दहा कमी करा की."

"तेलुगूत म्हणा, करते," ती म्हणते आणि चटणी तोलायला घेते.